क्विकचा जुना अर्थ

सकाळपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. सातवा महिना. डॉक्टरीणबाईंनी ऋजुताला फोनवर सांगितलं, काहीतरी गोड खा, डाव्या कुशीवर पडून राहा, तासाभरात हालचाल जाणवली नाही तर लगेच निघून या. नवरा शहाडहून निघाला होता, पण नवरात्रातल्या देवीच्या गर्दीमुळे वाटेतला टेंभी नाक्याचा रस्ता बंद होता.

सासूबाई सुमतीबाई शिरा करायला गेल्या. सासरे मधुकरराव खुर्ची घेऊन खोलीच्या दाराबाहेर बसले, तेही आतल्या बाजूला पाठ करून. सून आडवी पडलेली असताना आत बघायचं नाही, ही त्यांची रीत. इंग्रजीचे निवृत्त मास्तर. घाबरले की बोलत सुटायचे.

“जुन्या इंग्रजीत ‘क्विक’ म्हणजे चपळ नव्हे बरं का, ऋजुता. जिवंत. पारा एकसारखा पळतो, म्हणून तो क्विकसिल्व्हर. जिवंत चांदी. आणि मूळ शोधत गेलं तर हा क्विक आणि आपला ‘जीव’, दोघे एकाच घरातले.”

“अहो, पोरीला काय घोर लागलाय आणि तुमचा तास कसला सुरू?” सुमतीबाई शिऱ्याची वाटी ठेवून म्हणाल्या.

“असू दे, आई. बोलू दे त्यांना,” ऋजुता म्हणाली. गप्प घरापेक्षा हे बरं होतं.

सुमतीबाई पाणी आणायला वळल्या. मास्तरांना तेवढी परवानगी पुरली. “तर त्या काळी बायका म्हणायच्या ‘क्विकनिंग’. म्हणजे पोटातलं बाळ पहिल्यांदा हल...”

आपण शब्दाचं बोट धरून कुठे येऊन पोचलो हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी जीभ चावली. मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“बाबा.”

“चुकलो गं. मला भान राहत नाही.”

“नाही हो. इकडे या ना.”

ते मान खाली घालून आत गेले. ऋजुता रडत होती आणि हसतही होती. तिचा जीव भांड्यात पडला होता. तिने सासऱ्यांचा हात धरला आणि सरळ पोटावर ठेवला. मास्तर अवघडले, हात काढून घेणार, तेवढ्यात आतून एक ठोसा बसला. मग दुसरा.

“काय झालं? अहो, सांगा ना काय झालं?” स्वयंपाकघरातून सुमतीबाई धावत आल्या.

“थांब गं,” मास्तर म्हणाले. “जरा कोणी बोलू नका.”