पानगळीतली चित्रं

केतकीने मोजफीत लावली, पण मोहाचा बुंधा काही तिच्या कवेत मावेना. आजूबाजूला तसलेच शेकडो उभे होते. उपग्रहाच्या चित्रांवरून तिच्या कार्यालयाने या डोंगरावरच्या झाडांच्या एकूण वजनाचा, म्हणजे जंगल किती दाट आहे याचा, अंदाज बांधला होता आणि ‘विरळ जंगल’ असा शेरा मारला होता. चित्रं पानगळीतली होती. पानं नाहीत, म्हणून झाडंच नाहीत असं ठरलं होतं.

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. “सर, अंदाज चुकलाय. पावसाळ्यानंतरची चित्रं घेऊन पुन्हा काढू या.”

“अहवाल कधीच गेला, केतकी. त्यावरून तिथल्या खाणीला मंजुरीही मिळाली.”

“मग मी लेखी कळवते.”

“कळव. माझं तरी कोण ऐकतंय?”

वाट दाखवायला आलेल्या जैतुबाई टोपली घेऊन जवळच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय म्हनते साहेब? वाचल का आमचं जंगल?”

खोटं बोलायला केतकीची जीभ रेटेना. “नाही वाचणार, मावशी.”

जैतुबाईंनी टोपली गळलेल्या फुलांजवळ ठेवली. मग खाली बसत म्हणाल्या, “यंदाची फुलं तरी येचून घेतो.”

केतकीने मोजफीत गुंडाळून ठेवली. तीही शेजारी बसून मोहफुलं वेचू लागली.