कंपनीचा नियम

“बाबा, नऊ वाजले की माझंच नेट काहून बंद होते? दादाचं तर सुरूच राहते.” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून श्रावस्तीनं एकदाचं विचारून टाकलं.

“राउटरच तसा आहे वं,” बाबा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. “कंपनीनंच तसं टाकलं त्याच्यात. आपल्या हाती काय आहे?”

श्रावस्तीला पटलं. फर्मवेअर म्हणजे राउटरचं डोकं, आणि ते बदलता येतं, हे तिनं शोधून काढलं. रविवारभर चार-पाच फर्मवेअर पारखली, त्यातलं एक निवडलं आणि कंपनीचं पुसून तेच टाकलं.

त्या रात्री नऊला दादा आतून ओरडला, “बाबा, माझं नेट गेलं!”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं श्रावस्तीकडे.

“वेळ तुम्ही दोघं ठरवा,” श्रावस्ती म्हणाली, “पण आम्हा दोघांले एकच. राउटरचा पासवर्ड माझ्यापाशी राहील.”