डावीकडची खुर्ची

दवाखान्यात, नजर तपासायच्या यंत्रात दिवा लुकलुकला. बाबांनी बटण दाबलं नाही. परत लुकलुकला. नाहीच. लेक मागे उभी राहून पडद्यावर सगळं बघत होती. उजवीकडे ठिपका उमटायचा अवकाश, बाबांचं बोट टक्कन खाली. डावीकडे मात्र एकामागून एक ठिपके आले नि गेले, आणि बाबा आपले हनुवटी टेकवून ढिम्म.

खरं तर त्यांचं दुखणं शोधलं ते गिऱ्हाइकांच्या केसांनी. बाबांचं सलून चाळीस वर्षांचं. लेक त्यांच्याच हाताखाली शिकली, आणि हात असा बसला की लोक तिच्यासाठी थांबून राहायचे. मग तीन वर्षांपूर्वी तिनं काय करावं, तर त्याच रस्त्यावर, बरोब्बर समोर, स्वतःचं सलून टाकलं. निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिच्याकडे. त्या दिवसापासून बाबांनी तिचं नाव टाकलं.

गेल्या महिन्यात तर बाबांकडे केस कापून झालेली माणसंही तिच्याकडे यायला लागली. एकाचा डावा कल्ला तसाच. दुसऱ्याच्या डाव्या कानावर नुसतं जंगल. तिसरा खुर्चीत टेकता टेकता म्हणाला, की तुम्ही बापलेकीनं शेवटी वाटणी करून घेतली वाटतं, उजवी बाजू त्यांना नि डावी तुला. सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिची कात्री थांबली. तिन्ही वेळा डावीच?

त्याच दुपारी ती तीन वर्षांनी घरी गेली. जेवायला आपल्या जुन्या खुर्चीत बसली, बाबांच्या डाव्या हाताला. बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. तिनं हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. ताटातलं डावीकडचं तसंच ठेवून उठले, आणि जाता जाता डावा खांदा दाराला धडकला. असे बारा दिवस. आई म्हणायची, तुझा बाप म्हणजे दगड आहे दगड, पण धीर धर, झिजेल. ती रोज त्याच खुर्चीत बसायची आणि रोज डोळे पुसत उठायची. शेवटी आईनंच बाबांना ओढत दवाखान्यात आणलं.

डॉक्टरबाईंनी तपासणीचे कागद टेबलावर मांडले. दोन डोळ्यांचे दोन, आणि दोन्हींची डावी बाजू काळीकुट्ट. डोळे ठणठणीत आहेत, त्या म्हणाल्या. पण डोक्यात मागे, उजव्या बाजूला, लहानसा झटका येऊन गेलाय. त्यामुळे डावीकडची अर्धी दुनिया दिसत नाही, आणि वाईट म्हणजे, ती दिसत नाही हेही त्यांना जाणवत नाही. गेलेली नजर बहुतेक परत यायची नाही. पुन्हा झटका येऊ नये म्हणून गोळ्या रोजच्या रोज. वस्तरा कायमचा बंद. आईनं पदर डोळ्यांना लावला.

आणि लेकीला, कसं सांगू, आनंद झाला. लाज वाटली तिला स्वतःची, पण झाला. त्या बाजूनं मारलेली हाक? तिनं घाईघाईनं विचारलंच. होतं कधीकधी, डॉक्टरबाई म्हणाल्या, ती बाजूच मनातून पुसली जाते, तिकडून कुणी बोललं तरी लक्ष जात नाही. म्हणजे राग नव्हताच! बारा दिवस ती जिथे बसली होती, तिथे बाबांच्या लेखी काहीच नव्हतं.

मग डॉक्टरबाईंनी बाबांना शिकवायला घेतलं. दिसत नसेल तर मान डावीकडे वळवायची, काका. अजून. अजून थोडी. वळता वळता बाबांना भिंतीवरचं घड्याळ सापडलं. मग दार. मग बायको. तू इथंच बसलीयस होय, असं ते म्हणाले आणि आई रडता रडता हसली. चाळीस वर्षं माना वळवून घेतल्या लोकांच्या, आता माझी पाळी, असंही म्हणाले.

लेकीला राहवेना. तिनं स्टूल उचललं आणि बाबांच्या उजव्या बाजूला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असं येऊन बसली.

"बाबा, मी आलेय."

बाबांनी तिला पाहिलं. नीट पाहिलं, केसांपासून चपलांपर्यंत. तिच्या कपाळावर आलेला पांढरा केस त्यांना दिसला असावा, कारण नजर तिथे जराशी अडली. ओठ हलल्यासारखे झाले. मग त्यांनी मान सावकाश उजवीकडे वळवायला सुरुवात केली. तिच्यावरून पुढे. अजून पुढे. पार खिडकीपर्यंत.

डॉक्टरबाईंना वाटलं, गोंधळ झाला. "नाही काका, उलटं होतंय. इतकं उजवीकडे बघितलंत तर ताई दिसायच्या बंद होतील."

"हो," बाबा म्हणाले. "ते कळलं मला."