कानात सांगितलेले सिनेमे

"काय म्हणतेय ती?" इरासिल्दानं विचारलं.

झेनिवाल्दो तिच्या कानाशी वाकला. "म्हणतेय, किती वर्षं वाट बघत होते तुझी. आत ये, सूप गरम आहे."

पडद्यावर बर्फ पडत होता. दारात एक म्हातारी उभी होती आणि समोर टोपीवाला माणूस. भाषा कुठली कोण जाणे. खाली पोर्तुगीज अक्षरं उमटत होती आणि पुसली जात होती.

इरासिल्दानं ती ओठांत जुळवली. घर. विकलं. मग दुसरी ओळ आली. तू. इथून. जा.

आपलंच चुकलं असणार, असं तिला वाटलं. आठ महिन्यांचं तर शिक्षण. पण ओळ गेली तरी शब्द डोळ्यांपुढून हलेनात. सुपाचं नावही त्यात नव्हतं.

ऑक्टोबरात साओ पावलोत सिनेमांचा महोत्सव लागला की इरासिल्दाच्या अंगात वारं शिरायचं. वर्षभर ती लोकांची घरं पुसायची. त्या दोन आठवड्यांत मालकिणींना सांगून दुपारी मोकळी व्हायची. झेनिवाल्दो बेकरीतून परस्पर यायचा. एकोणीस वर्षांत दोघांनी दीडशेच्या वर सिनेमे बघितले होते. बघायची ती, आणि वाचून सांगायचा तो.

तिला वाचता येत नाही हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मालकिणीनं चिठ्ठी ठेवली की ती म्हणायची, "चष्मा घरी राहिला, तुम्हीच सांगा." चष्मा तिच्याकडे कधी नव्हताच. दर वेळी कान तापायचे.

झेनिवाल्दोसमोर मात्र तिला लाज वाटली नव्हती, अगदी पहिल्या दिवसापासून. गावाकडून, पाराइबाहून, आईचं एकुलतं एक पत्र आलं तेव्हा ती वसतिगृहात नवी होती. पाव टाकायला येणाऱ्या या पोरापुढं तिनं ते धरलं. त्यानं सावकाश वाचून दाखवलं. आईनं आशीर्वाद दिला होता आणि लिहिलं होतं, शहरात एकटी राहू नकोस, एखादा कष्टाळू माणूस बघ. वर्षभरात दोघांचं लग्न झालं.

गेल्या मार्चपासून ती त्याच्याशी खोटं बोलत होती. चर्चच्या गायनाला जाते म्हणायची आणि चर्चच्या मागच्या खोलीत मिर्तेसबाईंच्या लिहा-वाचायच्या वर्गात बसायची. बासष्टाव्या वर्षी. महोत्सवात त्याला चकित करायचं, एखादी ओळ तिनंच त्याच्या कानात वाचायची, असा बेत होता.

पडद्यावर टोपीवाला पायरीवर बसून रडायला लागला.

"आनंदानं रडतोय," झेनिवाल्दो कुजबुजला. "आईच ती त्याची."

खाली उमटलं: आई. मेली. कधी?

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तरुण बाईचा आवाज होता. "ऐकलंस का, काय सांगतोय हा तिला! भलताच सिनेमा!"

"बिचारी," दुसरी म्हणाली. "तिला काय कळतंय."

इरासिल्दाच्या मानेपासून कपाळापर्यंत आग झाली. झेनिवाल्दोनं ऐकलं की नाही कोण जाणे; तो पडद्याकडे बघत होता, पुढच्या वाक्याची वाट बघत. एकोणीस वर्षं मागच्या रांगा अशाच हसत असतील. आणि हा? ह्याला तर रोज माहीत होतं. सगळ्या जगापासून झाकलेली गोष्ट ज्याच्यापुढं उघडी केली, त्याच माणसानं तिचं खेळणं केलं होतं. तिनं इतकी वर्षं ज्या सिनेमांवर जीव टाकला, ते सिनेमे नव्हतेच.

"कुठं चाललीस?"

"बाथरूमला."

ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. तोंडानं विचारायला गेलं तर रडू येणार, आणि सगळ्यांसमोर रडण्याइतकं धैर्य आज शिल्लक नव्हतं. तिनं दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडून पेन मागून घेतलं आणि महोत्सवाच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. आयुष्यातलं पहिलं पत्र. पाच ओळींना पाऊण तास लागला.

झेनिवाल्दो. मला वाचता येतं. आज मी वाचलं. तू इतकी वर्षं खोटं सांगितलंस. मी मूर्ख आहे असं तुला वाटतं का?

खाली मोठ्या अक्षरांत तिनं आपलं नाव काढलं.

खेळ सुटला. झेनिवाल्दो तिला शोधत बाहेर आला, तिची पिशवी काखेत मारून.

"अगं म्हातारे, शेवट चुकवलास की! केवढा गोड शेवट! दोघं मिळून घर रंगवतात."

इरासिल्दानं कागद पुढं केला.

"हे काय?"

"वाच."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, नाकावर चढवला. त्याची नजर कागदावरून वरून खाली गेली, पुन्हा वर आली. इरासिल्दा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. रागावेल, ओशाळेल, निदान मान तरी खाली घालेल. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"चिठ्ठी चर्चमधून आलीय वाटतं?" त्यानं विचारलं.

त्यानं स्वतःशीच मान डोलावली, घसा खाकरला, आणि बोट ओळींवरून फिरवत सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचायला लागला.

"रविवारच्या जेवणाला चाळीस पाव पाठवा म्हणतात. आणि खाली लिहिलंय, इरासिल्दासारखी गोड गाणारी आमच्यात दुसरी कुणी नाही."