लाल लोकरीची गाठ

सुनेची एक खोड सासूबाईंच्या डोक्यात जायची. ती भांडायचीच नाही. कपाचा कान तुटो, दूध उतू जावो, दाराची कडी उघडी राहो. "मीच केलं असेन, आई," म्हणून मोकळी. दुसऱ्याची चूक अशी ओढून अंगावर घेतली, तर समोरच्याने तोंड उघडायचं कुठे? सासूबाईंची एवढी धारेची जीभ, आणि घरात तिला घासायला दगड नाही.

आज कॉम्प्युटर बंद पडला होता. दुरुस्तीवाली बाई टेबलाखालून कपडे झटकत बाहेर आली.

"आतली डिस्क गेली, ताई. नुसती टकटक वाजतेय."

"जाऊ दे. माझ्याकडे बॅकअप आहे," सून म्हणाली. "अख्ख्या मशीनचा जसाच्या तसा ठसा. दर शनिवारी दुपारी बाराला आपोआप निघतो, या बाहेरच्या डिस्कवर. मी दवाखान्यात कामावर असते तेव्हा."

सासूबाई खिडकीपाशी पेपर धरून बसल्या होत्या. रोज सकाळी बसत, तासभर. कान मात्र टेबलाकडे. मशीनमध्ये काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचेच टाके होते. विणकामाचे तीनशे बारा नमुने. तीन वर्षं सून त्यांच्या सुयांकडे बघत "आई, पुन्हा एकदा, जरा सावकाश" म्हणत एकेक टाका पडद्यावरच्या चौकोनांत भरत होती. त्याचं पुस्तक निघणार होतं. महिनाअखेरीला छापायला द्यायचं होतं.

दुरुस्तीवालीने आपल्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, बाहेरची डिस्क जोडली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"ताई, ठसे आहेत. पण अर्धवट. पहिला तेवढा पूर्ण आहे."

"पहिला मी समोर बसून काढला होता." सुनेचा आवाज खाली आला. "त्यात चाळीसच नमुने असतील."

"त्यानंतरचे सगळे मध्येच तुटलेत. दोन तासांचं काम, आणि दर शनिवारी बारा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी कोणीतरी वायर काढलीय. तसा निरोप आला असेल की पडद्यावर?"

"एक चौकट यायची," सून म्हणाली. "मी घाईत बंद करायचे. न वाचताच."

"शिकलेली माणसंच वाचत नाहीत बघा," दुरुस्तीवाली हसली.

सासूबाईंनी पेपरचं पान उलटलं. शनिवारी दुपारी बारा म्हणजे त्यांची टेबल पुसायची वेळ. बाहेरच्या डिस्कचं ते काळं डबडं रिकामंच तापायचं, दिवा लुकलुकायचा. वायर काढायची, खालची धूळ टिपायची, डबडं गार होऊ द्यायचं, जेवण झालं की वायर पुन्हा होती तशी लावायची. कोणाची वस्तू इकडची तिकडे झाली म्हणून कोणी बोट दाखवलेलं त्यांना खपलं नसतं.

दुरुस्तीवालीने डिस्क हातात घेऊन फिरवली. "अहो, इथे तर चिठ्ठी बांधलीय." तिने मोठ्याने वाचलं, "बारा ते दोन वायर काढू नये."

सासूबाईंनी पेपराआडून पाहिलं.

हे लिहिलं होतं तर. त्यांना वाटलं होतं, दुकानाची चिठ्ठी असेल, हमीबिमीची. सुटी अक्षरं त्यांना ओळखू यायची. पण सुनेचं घाईतलं अक्षर म्हणजे मांजराने खेळून टाकलेला लोकरीचा गुंडा. त्याचं टोक शोधत कोण बसतं? चिकटपट्टी निघाली होती, म्हणून त्यांनीच ती चिठ्ठी लाल लोकरीने वायरीला बांधून ठेवली होती. हरवू नये म्हणून. दर शनिवारी तिच्यावरची धूळही त्या झटकत.

सुनेने डिस्क हातात घेतली. तिची नजर लोकरीवर गेली. दुहेरी फास, टोक आत दडवलेलं. ती गाठ घरात एकच माणूस मारायचं. सून ती शिकायला आठवडाभर झटली होती.

तिने वर पाहिलं नाही. चिठ्ठी मुठीत झाकली.

"मीच काढली असेन," ती म्हणाली.

"तुम्ही कशी? शनिवारी तर दवाखान्यात असता म्हणालात."

"जाताना काढली असेन. म्हणजे... निघता निघता. लक्षात नाही."

"बाराला?" दुरुस्तीवाली खिडकीकडे वळली. "आजी, तुम्ही घरातच असता ना? कोणी हात लावताना दिसलं का?"

सासूबाईंनी तोंड उघडलं.

"आई नाहीत हो," सून घाईघाईने म्हणाली. "त्या रोज एवढा पेपर वाचतात. चिठ्ठी वाचली असती की त्यांनी."

सासूबाईंचे कान तापले. शिव्या दिल्या असत्या पोरीने, तरी इतकं लागलं नसतं. त्यांनी पेपराची घडी घातली, आणखी एक घातली, हाताएवढी झाली तरी घालत राहिल्या. मग उठल्या. परक्या बाईच्या देखत सुनेची मूठ उघडली आणि त्यातली चिठ्ठी काढून घेतली.

"खोटं बोलत जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तुला ते येत नाही. मला वाचायला येत नाही, तसंच."