गाळलेलं कडवं

भाऊ पोलीस कोठडीत मारला गेला, तेव्हा तिनं त्याच्यावर रॅप लिहिलं. लॉन्ड्रीत इस्त्री फिरवताना ती ते आईच्या नकळत पुटपुटायची. सूट न्यायला आलेला रेकॉर्डिंग कंपनीचा साहेब ऐकतच राहिला. “शब्द म्हणजे नुसता जाळ गं! पण तुझा काळा रंग पडद्यावर चालायचा नाही, आणि बाईमाणसाचा एवढा राग लोकांना पचत नाही. गोरी पोर गाईल, जरा रडत. तू मात्र कुणाजवळ बोलायचं नाहीस.” निदान भावाची गोष्ट घराघरांत पोचेल, म्हणून तिनं मान डोलावली. एका दुपारी लॉन्ड्रीतल्या टीव्हीवर गाणं लागलं. कोठडीचं कडवं गाळलं होतं. गाण्यातला भाऊ तापानं मेला होता. चादरींच्या घड्या घालणारी आई डोळे पुसत म्हणाली, “बहीण असावी तर अशी! भावासाठी हिनं तोंड तरी उघडलं. तू तर ब्रसुद्धा काढला नाहीस.”