रस्त्याकडेचं पोतं

देवासच्या ऑफिसात उर्वशी दिवसभर रस्त्यांचे फोटो बघायची आणि दिसेल त्याभोवती चौकट आखून नाव द्यायची: ट्रक, गाय, माणूस. त्यावरूनच बिनड्रायव्हरच्या गाड्या रस्ता ओळखायला शिकणार होत्या. आज लोहारद्याकडचा फोटो आला. डांबरावर सोयाबीन वाळत घातलेलं, कडेला मळकट गाठोड्यासारखं काहीतरी. कॉम्प्युटरनं लिहून टाकलं होतं, ‘पोतं’. तिनं फोटो मोठा केला. पोत्याला पदर होता. शेजारचा मनन म्हणाला, “ताई, बोराच तो, पोतंच आहे, पुढे चला ना.” ती हलली नाही. चार वर्षांपूर्वी आईसुद्धा अशीच रस्त्यावर वाकून सोयाबीन गोळा करत होती. तिला उडवणारा जीपवाला बाबांचे पाय धरून रडला होता, “भिया, मुझे लगा बोरा पड़ा है.” उर्वशीनं ‘पोतं’ पुसून ‘माणूस’ लिहिलं. मग चौकट जरा मोठी केली. झाडू धरलेला हात बाहेर राहत होता.